कोकोची बाग, राखीव जंगल आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात चॉकलेटवर लिहिताना मी एक वाक्य सहज टाकून दिलं होतं, की पश्चिम आफ्रिकेत राखीव जंगलाची हद्द गार्डपेक्षा शेजारची म्हातारी कोकोची बाग जास्त ठरवते. आणि ते न उलगडता तसाच पुढे गेलो. वाचकांनी बरोबर पकडलं, मेलचा ढीग पडलाय, त्यातले काही प्रश्न इथे घेतोय. एक आधीच सांगतो, मी तीन वर्षं घानात कुमासीला होतो पण शेतीची औषधं विकणाऱ्या कंपनीत, म्हणजे वनखात्याचा माणूस नव्हे, बागाबागांतून फिरणारा सेल्समन. त्या हिशोबानेच वाचा.

आमची नारळ-सुपारीची बाग आहे. वडिलांनी त्यात हौसेनं चार कोकोची झाडं लावली, सावलीत मस्त वाढली. मग तिकडे कोकोसाठी जंगल का तोडावं लागतं? (सावंतवाडी)

लागत नाही, गंमत तीच आहे. कोको हे मुळात ॲमेझॉनच्या दाट रानातलं, मोठ्या झाडांच्या पायाशी वाढणारं झाड. त्याचं फूल नखाएवढं, थेट खोडावर येतं, आणि त्यावर मधमाशी जात नाही तर बारीक चिलटं जातात, आणि ही चिलटं वाढतात कुजक्या पाल्यात, फोडलेल्या फळांच्या सालीत, केळीच्या सडक्या बुंध्यात. त्यामुळे अंगणासारखी लख्ख झाडलेली बाग दिसायला छान पण तिथे चिलटांना राहायला जागाच नाही. आपल्याकडे केरळ, कर्नाटक, आंध्रात नारळ-सुपारीखाली कोको चालतोच, १९७३ ला सुरू झालेल्या कॅम्पको या सहकारी संस्थेनं १९८६ मध्ये पुत्तूरला चॉकलेटची फॅक्टरी काढली ती अशाच बागांच्या जिवावर.

मग जंगल का तुटतं? कारण ते फुकट खत आहे. ताज्या तोडलेल्या रानात शेकडो वर्षांच्या पाल्याची कमाई असते, तण जवळजवळ नसतं, ओल असते, रोग अजून पोचलेले नसतात, तिथे रोप टोचलं की जगतं. तीन-चार वर्षांत फळ सुरू, पुढची वीसेक वर्षं मजा, आणि मग बाग थकते. आता त्याच जागेवर पुन्हा लावायचं तर खत घाला, तणाशी मारामारी करा, मजूर लावा, आणि नवी झाडं फळायला लागेपर्यंत तीन-चार वर्षं हात हलवत बसा. पोरांच्या शाळेची फी कोण भरणार? त्यापेक्षा पुढच्या डोंगरावरचं रान तोडलेलं स्वस्त पडतं. हा हिशोब शेतकऱ्याच्या बाजूनं अगदी चोख आहे, त्यात अडाणीपणा काही नाही.

म्हणून घानात कोको चालत गेलाय. १८७९ मध्ये टेटे क्वार्शी नावाच्या लोहारानं फर्नांडो पो बेटावरून बिया आणून पूर्वेकडे माम्पाँगला लावल्या, तिथून पीक मधल्या अशांती भागात आलं, मग ब्राँग-अहाफो भागात, मग थेट पश्चिमेला आयव्हरी कोस्टच्या सीमेपर्यंत, मागच्या बागा थकत गेल्या आणि माणसं पुढे सरकत गेली. त्यात रोग. १९३६ मध्ये पूर्व भागात कोकोच्या फांद्या सुजवणारा एक व्हायरस सापडला, पिठ्या ढेकूण तो पसरवतो, औषध आजही नाही, झाड तोडणं हाच उपाय, आणि आजवर घानात अशी वीस कोटींहून जास्त झाडं तोडलीयत. आता सीमा आली. पुढे सरकायला उरलंय ते फक्त राखीव जंगल.

(आमची कंपनी या थकलेल्या बागांना फवारणी विकायची. कमी सावलीत जास्त फळ देणारी हायब्रीड झाडं आली तसा आमचा धंदाही वाढला, कारण उन्हातल्या झाडाला खतही जास्त लागतं आणि औषधही. हे सांगून टाकलेलं बरं.)

राखीव जंगलात शेती होतेच कशी? वनखातं झोपलंय का? सरळ बाहेर काढा ना लोकांना. (पुणे, विद्यार्थी)

मित्रा, तुझ्या वयात मीही हेच म्हणालो असतो.

आधी एक मजेशीर गोष्ट. घानातली बरीचशी राखीव जंगलं ब्रिटिशांच्या काळात आखली गेली, १९२७ च्या वन कायद्यानंतर साधारण १९४० पर्यंत, आणि त्यामागच्या कारणांत एक कारण चक्क कोको होतं! डिसेंबर ते फेब्रुवारी सहारातून हरमॅटन नावाचा कोरडा, धुळकट वारा येतो, ओठ फुटतात, कोकोची पानं करपतात. जंगलाचे पट्टे ठेवले तर वारा अडेल, हवेत ओल राहील, बागा जगतील असा तो विचार. म्हणजे जे जंगल कोकोच्या राखणीला ठेवलं त्यालाच आता कोको खातोय.

दुसरं, जमीन सरकारनं विकत घेतली नव्हती. ती तिथल्या चीफच्या गादीची, तिकडे राजाच्या स्टुलाला आपल्या गादीचा मान आहे, आणि खातं फक्त कारभार बघतं. हद्द आखताना ज्यांच्या बागा आधीपासून आत होत्या त्यांना मोजून, नकाशावर दाखवून आत राहू दिलं, त्यांना तिकडे 'ॲडमिटेड फार्म' म्हणतात. आता आजोबाच्या पाच एकरांत चार मुलं आणि अकरा नातू, तर बाग दरवर्षी चार पावलं आत सरकणार की नाही? हद्दीची पट्टी झाडझुडूप काढून साफ ठेवावी लागते, दोन पावसाळे ती साफ केली नाही की हद्द नेमकी कुठे होती यावर दोन्ही बाजू मनापासून भांडू शकतात. मी असं भांडण पाहिलंय, एक म्हातारा शेवरीच्या झाडाकडे बोट दाखवत होता आणि फॉरेस्ट गार्ड त्याच्या मागच्या ओढ्याकडे, आणि मला वाटतं दोघंही खरं बोलत होते.

आणि बाहेर काढायचं म्हणशील तर शेजारच्या आयव्हरी कोस्टनं ते करून पाहिलंय. माँ पेको नावाचं त्यांचं नॅशनल पार्क, आत एवढा कोको लावलेला की पार्क नावालाच उरलेलं, तिथून २०१६ मध्ये हजारो लोक बाहेर काढले, बरेचसे मूळचे बुर्किना फासोचे, काहींची तिथे एक अख्खी पिढी वाढलेली. पुढे कुठे जायचं याची नीट सोय नव्हती. आसपासच्या गावांवर त्यांचा भार पडला, आणि ज्या माणसाला कोकोशिवाय दुसरं काही येत नाही तो शेवटी दुसरं रानच शोधतो. पार्कसाठी कधीच कोणाला हलवू नये असं मी म्हणत नाहीये. पण ट्रक बोलवायच्या आधी जमीन दाखवता येत नसेल तर ते जंगल वाचवणं नाही, ती फक्त तोड एका जिल्ह्यातून दुसऱ्यात ढकलणं आहे.

तुम्ही लिहिलंत की शेतकरी स्वतःच बागेतली मोठी झाडं मारतात. सावली हवी आणि झाडही मारायचं, हे काही पटलं नाही. (रत्नागिरी)

काका, मला वाटतं सगळ्या भानगडीचं मूळ इथेच आहे म्हणून जरा लांबवतो.

घानात बागेत आपोआप उगवलेलं इमारती लाकडाचं झाड शेतकऱ्याचं नसतं. कायद्यानं ते राष्ट्राध्यक्षांच्या ताब्यात, गादीच्या वतीनं. १९६२ च्या कायद्यापासून हे असंच. म्हणजे तुम्ही ओफ्राम या इमारती झाडाचं रोप कोकोत राखलं, तीस वर्षं त्याला जपलं, आणि एक दिवस परवाना घेतलेला लाकूड कंत्राटदार चेनसॉ घेऊन आला, तर झाड त्याचं, रॉयल्टी सरकारची आणि गादीची, आणि ते झाड आडवं पडताना तुमची जी वीस-पंचवीस कोकोची झाडं चेपली ती मात्र तुमची. भरपाई कागदावर असते. तर शेतकरी काय करतो? रोप हातभर असतानाच कोयत्यानं उडवतो, किंवा मोठ्या झाडाची साल गोल काढून बुंध्याशी शेकोटी करतो, मग ते उभ्या उभ्या वाळतं, कोणाच्या कामाचं राहत नाही. कोकणात मालकी रानातलं झाड तोडायला परवानगीसाठी हेलपाटे घातलेत त्यांना हा वैताग लगेच कळेल, फक्त तिकडे झाडच आपलं नाही इथपर्यंत गोष्ट जाते. लावलेल्या झाडाचं वेगळं आहे, २००२ च्या दुरुस्तीनंतर जो लावेल त्याचं ते झाड. पण लावलेलं कुठलं आणि उगवलेलं कुठलं हे पंधरा वर्षांनी सिद्ध कसं करणार? म्हणून आता झाडं रजिस्टर करून घ्यायची खटपट चालू आहे. शेजारी आयव्हरी कोस्टनं झाडाची मालकी जमीनवाल्याला दिली, पण तिथे बहुतेकांकडे जमिनीचाच कागद नाही. झालं!

आता वाटेकरी बघा. 'अबुनू' म्हणजे निम्मा वाटा. बाहेरगावचा माणूस येतो, मालकाच्या जमिनीवर रान साफ करतो, कोको लावतो, वाढवतो, बाग फळाला आली की दोन भाग, अर्धी मालकाची, अर्धी त्याची. 'अबुसा' म्हणजे तिसरा वाटा. आपल्या अर्धेलीसारखंच, पण एक मेख आहे, बऱ्याच ठिकाणी वाटेकऱ्याचा हक्क कोकोची झाडं उभी आहेत तोवरच धरतात. म्हणजे त्यानं थकलेली, रोगट बाग काढून नवी लावायला घेतली की मालक किंवा मालकाचा शहरातून आलेला पुतण्या म्हणू शकतो, झाडं गेली, करार संपला, निघा. म्हणून तो म्हातारी बाग तशीच ठेवतो, चिमूटभर फळ देत असली तरी, आणि नवीन लावायला दुसरीकडे रान बघतो.

मी सुरुवातीला म्हातारी बाग हद्द ठरवते म्हणालो ते हे. जिथे वाटेकऱ्याला लिहून दिलं की बाग नव्यानं लावलीस तरी अर्धी तुझीच, तिथे तो जागेवरच पुन्हा लावायचा विचार तरी करतो. त्याला रोपं फुकट वाटून, सावलीचं महत्त्व सांगणारं वर्कशॉप घेऊन, टोपी-टीशर्ट देऊन हे होत नाही. (टोप्या आम्हीही वाटायचो, पश्चिमेकडच्या सेफ्वी भागात अजून काही डोक्यांवर असतील.)

खात्याला हे कळत नव्हतं असंही नाही. 'टांग्या' ही जुनी पद्धत, मूळ ब्रह्मदेशची, आपल्या फॉरेस्टवाल्यांनाही माहीत आहे, उजाड झालेल्या राखीव जागेत शेतकऱ्यानं सागाची रोपं सांभाळायची आणि मधल्या जागेत आपलं धान्य-केळी घ्यायची. सावली पडली की शेतकऱ्यानं बाहेर. लाकडात वाटा शून्य. मग घानात शेतकरी रोपंच मारायला लागले, झाड वाढलंच नाही तर आपली शेती चालू राहते! १९८४ मध्ये ती योजना बंदच केली. २००२ च्या सुमाराला नव्यानं आणली तेव्हा लाकडाच्या पैशात शेतकऱ्याला ४० टक्के, वनखात्याला ४०, जमीनमालक गादीला १५ आणि गावाला ५ असा वाटा ठरला. आता लाकूड विकेपर्यंत पंचवीस वर्षं थांबायचं हा त्रास आहेच, पण निदान रोप मारायचं कारण गेलं.

आमच्याकडे हत्ती येतात, माड आणि केळी झोपवून जातात. तिकडे काय करतात? (दोडामार्ग)

तिकडेही शिव्याच देतात. घानातलं काकुम नॅशनल पार्क, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, चहूबाजूंनी शेती आणि मध्ये जंगलाचं बेट. तिथला हत्ती आफ्रिकेतल्या 'फॉरेस्ट एलिफंट' या वेगळ्या जातीचा, आपल्याकडच्या हत्तीपेक्षा लहान, सुळे सरळ, पण भूक तेवढीच. मका, कसावा, केळी, आणि येता-जाता कोको तुडवणं. तिथे मिरचीपूड ग्रीसमध्ये कालवून दोरीला आणि फडक्यांना फासतात आणि बागेभोवती ती दोरी बांधतात. चालतं. पण पावसानं धुतलं की पुन्हा फासा, ग्रीस आणा, मिरची आणा, आणि प्रोजेक्ट होता तोवर कोणीतरी आणून द्यायचं, प्रोजेक्ट संपल्यावर खिशातून. त्या पार्कात १९९५ पासून झाडांच्या शेंड्यांवरून दोरीचा पूल आहे, टुरिस्ट भरपूर येतात, पण पर्यटक पुलावरून चालतो आणि हत्ती दुसऱ्याच टोकाच्या शेतात शिरतो. तिकिटाचे पैसे आणि नुकसान एकाच घरात पडत नाहीत. तुमच्याकडे वेगळं आहे का?

कार्बन क्रेडिटचा पैसा शेतकऱ्यापर्यंत पोचतो का, की सगळं कन्सल्टंट खातात? (नागपूर)

आकडा देतो, तुम्हीच बघा. घानानं कोको पट्ट्यात जंगलतोड कमी केल्याबद्दल वर्ल्ड बँकेच्या निधीतून जानेवारी २०२३ मध्ये पहिला हप्ता मिळवला, ९,७२,४५६ टन कार्बन वाचवल्याबद्दल, टनाला ५ डॉलर, म्हणजे साधारण ४८.६ लाख डॉलर. आफ्रिकेत हे अगदी मोजक्या देशांना जमलंय, कौतुक आहेच. पण योजनेचा पट्टा ५९ लाख हेक्टरचा. भागाकार करा, हेक्टरला एक डॉलर पण येत नाही. त्यावर कोण शेतकरी रान सोडेल?

त्यापेक्षा मला सिएरा लिओनचं गोला जंगल जास्त शिकवतं. देश गरीब, १९९१ ते २००२ यादवी युद्ध, लोक बागा टाकून पळाले, परत आले तेव्हा कोकोवर रान चढलेलं. २०११ मध्ये ७१,००० हेक्टरचं नॅशनल पार्क झालं, भोवती सात चीफांचे मुलूख आणि हद्दीला लागून १२२ गावं. पूर्वी लाकूडतोडीची रॉयल्टी मिळायची, ती बंद झाल्यावर त्याबदली जमीनवाल्या घराण्यांना आणि गावांना वाटा मिळत राहील अशी सोय केली, पुढे कार्बनचे पैसे त्यात आले. पण खरं काम कोकोच्या बाजूला झालं असं माझं मत. तिथला शेतकरी पावसाळ्यात, घरात तांदूळ संपला की व्यापाऱ्याकडून तांदळाची उचल घ्यायचा आणि येणारा कोको त्याच्या नावावर लिहून द्यायचा, मग बिया पाच-सहा दिवस नीट आंबवतो कोण, ओल्याच उचलून नेणार, भाव पडणार. गोलात शेतकऱ्यांचे संघ बांधले, केळीच्या पानांत आंबवणं, उन्हात नीट वाळवणं शिकवलं, आणि माल थेट विकायला सुरुवात केली, जंगलाच्या नावावर चॉकलेटही निघालं. शेतकऱ्याच्या हातात त्याच चार एकरांतून जास्त पैसा. पाणघोड्याचा एक बुटका भाऊ तिथे असतो, पिग्मी हिप्पो, तो पार्कच्या बाहेर गावांच्या नदीकाठीही राहतो, त्यामुळे नुसता पार्क राखून भागतही नाही, गावच्या बागेतली सावली टिकली तर त्याचं भागतं.

मात्र यालाही उलट बाजू आहे. कोकोत पैसा वाढला की आणखी कोको लावावा असंही वाटतंच! डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात टनाला १२,००० डॉलरच्या वर भाव गेला तेव्हा सगळ्यांनी शेतकऱ्याचं भलं झालं म्हणून टाळ्या वाजवल्या, मला आधी हद्दीच्या पट्ट्या आठवल्या. म्हणून गोलात जास्त भावाबरोबर नवीन रान न तोडण्याची अट घातली, आणि ती अट बघायला गावचीच माणसं ठेवली. अट नसती तर चांगला भावच रानाच्या मुळावर आला असता.

मी अक्रात राहतो, कामासाठी पश्चिमेला जातो. कोकोच्या बागेत सरळ एक्स्कॅव्हेटर उभे दिसतात. तुम्ही जंगल-कोको करताय पण सोनं कुठे राहिलं? (अक्रा, घाना)

बरोबर बोललात, ते राहिलंच. गालामसे, म्हणजे चोरटी सोन्याची खाण, आणि मी होतो त्यापेक्षा आता ती फार वाढलीय. थकलेल्या बागेचा मालक बघतो की कोको वर्षाला देतो त्याच्या कितीतरी पट खाणवाला एकरकमी देतोय, वाटेकऱ्याला कोणी विचारतही नाही, आणि एका आठवड्यात बागेचं तळं होतं, पाणी चहासारखं. गादीवाल्यांपैकी काहींचाही त्यात हात असतो असं तिकडे उघड बोललं जातं. कोकोमुळे तुटलेल्या जागेवर निदान झाडं तरी उभी असतात, तिथे पुन्हा सावली आणता येते. खड्ड्याचं काय करणार? म्हणून मला कोकोवाला जंगलाचा शत्रू वाटत नाही, चांगली चालणारी बाग हीच त्या एक्स्कॅव्हेटरच्या वाटेतली शेवटची अडचण आहे.

माझी लेक सातवीत आहे, शाळेत काहीतरी ऐकून आली आणि आता चॉकलेट खाणार नाही म्हणते. खाऊ द्यावं का? (डोंबिवली)

खाऊ द्या हो. घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात, तो कोणी घेतलाच नाही तर वर अक्रावाल्यांनी सांगितलं तेच होईल. पण तिचा संशय बरोबर आहे. राखीव जंगलातला माल गावच्या दलालाकडे आला की बाकी पोत्यांत मिसळतो, बंदरावर सगळी पोती सारखीच दिसतात. युरोपनं २०२३ मध्ये कायदा केला, ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या रानातला कोको घेणार नाही, शेताचं लोकेशन द्या, चार हेक्टरच्या वरच्या शेताची तर पूर्ण हद्द नकाशावर द्या. अंमलाची तारीख पुढे ढकलत आलेत, पण त्या निमित्तानं लाखो बागा पहिल्यांदाच मोजल्या गेल्या. आणि मोजली की नावावर कोणाच्या लिहायची हा प्रश्न येतोच, मालकाच्या की अबुनूवाल्या वाटेकऱ्याच्या? रत्नागिरीच्या काकांना वर सांगितलं ते भांडण आता मोबाईलवर आलंय.

लेकीला म्हणावं रॅपर उलटं करून बघ, कोको कुठल्या देशाचा, कुठल्या संघाचा हे लिहिलंय का, की नुसतंच हिरवं पान छापलंय. बहुतेक पानच असेल. आणि मे महिन्यात सावंतवाडीकडे जाणार असाल तर त्या वाचकांची बाग बघता येते का मला कळवा, विचारून ठेवतो, फळ फोडून आतला पांढरा गर चाखला की बरीच पोरं चॉकलेट विसरतात, लिचीसारखा लागतो.

पुढच्या अंकासाठी काजूवर प्रश्न आलेत, बी आणि गर दोन्हींच्या भावावरून भांडणारे. पाठवत राहा.